‘दोनच पायऱ्या आहेत’ : सांगलीहून महाबळेश्वर, व्हीलचेअरसकट

सहलीला निघायची आमच्या ह्यांची एकच अट होती. उचलायचं नाही.

११ मार्च २०२२ ला कुपवाडच्या एमआयडीसीत शेडचं काम चालू असताना सिमेंटचा पत्रा फुटला आणि हे अठरा फुटांवरून खाली आले. मणक्यात डी-१२ ला, म्हणजे छातीमागच्या शेवटच्या मणक्याला, मार बसला. कमरेखाली हालचाल नाही, संवेदना नाही. हात मात्र फॅब्रिकेटरचेच राहिले. पुढची दोन वर्षं दवाखाना, फिजिओ आणि घर यांतच गेली. या दोन वर्षांत ह्यांना जिन्यातून उचललं, रिक्षात उचललं, पुतणीच्या लग्नात आशीर्वाद द्यायला खुर्चीसकट स्टेजवर उचललं. सगळे प्रेमानंच करतात. पण ह्यांचं म्हणणं, “उचलणाऱ्याला पुण्य लागतं, आणि ज्याला उचललं त्याचा शर्ट वर जातो.”

तर आमच्या आत्या, म्हणजे ह्यांच्या वडिलांची बहीण, वाईला असतात. वय ८४, दोन्ही गुडघे गेलेले. ह्यांच्या लहानपणीच्या सगळ्या मे महिन्याच्या सुट्ट्या त्यांच्याकडेच गेल्या. अपघातानंतर भेट नाही, फक्त दर रविवारी फोन. भाऊबीजेला, ३ नोव्हेंबर २०२४ ला, फोनवर म्हणाल्या, “मी आता काही सांगली बघत नाही बाबा. तूच ये एकदा.” फोन ठेवल्यावर हे बराच वेळ खुर्चीचा ब्रेक लावत-काढत बसले होते. मग म्हणाले, “वाईला किती पायऱ्या आहेत गं?”

वाईला जायचं म्हटल्यावर लेकीनं महाबळेश्वर जोडलं, स्ट्रॉबेरीसाठी. सासूबाई म्हणाल्या, वन्संना भेटायला मीपण येणार. झालो चौघं.

गाडीचं आधी सांगते, कारण त्याबद्दल सगळ्यात जास्त सल्ले मिळाले. जो तो म्हणे मोठी गाडी घ्या, दीर तर स्वतःची द्यायला तयार. पण मोठ्या गाडीची सीट उंच. खुर्चीवरून तिथं जायचं म्हणजे चढ, आणि चढ म्हणजे परत उचलणं. आमची जुनी वॅगन आर बरी. तिची सीट व्हीलचेअरच्या उशीपेक्षा दोन-तीन इंचच वर आहे. मध्ये घसरफळी टाकली की हे हातांच्या जोरावर स्वतः सरकतात. ही घसरफळी म्हणजे सुताराकडून करून घेतलेली प्लायची फळी आहे, वर सनमायका, दोन्ही टोकं तासलेली, ३५० रुपये. मागची सीट दोन भागांत दुमडते. लहान भाग दुमडला की घडीची व्हीलचेअर आणि रॅम्प आत जातात आणि मोठ्या भागावर दोघीजणी बसतात. सीएनजीची गाडी असेल तर हे जमणार नाही, डिकीत टाकी असते. गाडी मी चालवते. अपघातानंतर शिकले, लायसन्स २०२३ मध्ये काढलं. घाटात पहिल्यांदाच नेणार होते, हे मी घरात कुणाला ठळकपणे सांगितलं नव्हतं.

रॅम्प ह्यांनी स्वतः करून घेतला. अ‍ॅल्युमिनियमचा खडबडीत नक्षीचा पत्रा, सहा फूट लांब, तीस इंच रुंद, मध्ये बिजागऱ्या, दोन्ही कडांना पट्टी म्हणजे चाक बाहेर जाणार नाही. वजन चौदा-पंधरा किलो. जुन्या साथीदाराच्या शॉपमध्ये दोन दिवस बसून वेल्डिंग करून घेतलं आणि वेल्डिंग बघताना पोरांना इतकं बोलले की मला घरी आल्यावरही चेहरा ताजा वाटला. खर्च ५,७०० रुपये.

तेव्हाच मला रॅम्पचं गणित कळलं. उताराचं प्रमाण एक ला बारा. म्हणजे एक इंच चढायला बारा इंच लांबी. सहा इंचाच्या एका पायरीला सहा फुटी रॅम्प. लॉजवाला फोनवर “दोनच पायऱ्या आहेत” म्हणतो तेव्हा तो आपल्याकडे बारा-तेरा फुटांचा रॅम्प मागत असतो. मागून ढकलणारं माणूस असेल तर थोडा जास्त चढ चालतो. आमच्या रॅम्पवरून मी एकटी नऊ इंचांपर्यंत चढवते. त्यापुढे दोघं लागतात आणि खाली येताना पोटात गोळा येतो.

६ नोव्हेंबरपासून लॉजना फोन करायला सुरुवात केली. दोन आठवड्यांत १४ फोन. मी विचारायचे, व्हीलचेअर येईल का? पलीकडून ठरलेलं उत्तर, “येईल की मॅडम, लिफ्ट आहे.” लिफ्टपर्यंत? “चारच पायऱ्या.” मग? “पोरं आहेत की आपली, उचलून घेतील.” एकानं तर व्हीलचेअर येईल का याचा अर्थ व्हीलचेअर मिळेल का असा घेतला आणि उत्साहानं सांगितलं, आमच्याकडे दोन आहेत!

सातव्या-आठव्या फोननंतर प्रश्नच बदलले. गेटपासून पलंगापर्यंत उंबरे धरून पायऱ्या किती? पायरी किती इंच? संडास कमोडचा का? बाथरूमचं दार किती इंच? या शेवटच्या प्रश्नाला कुणी टेप घेऊन उठत नाही. म्हणून दाराचा जमिनीसकट फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर मागवायचा. नव्या खोल्यांत बहुतेक ठिकाणी दोन फुटी फरशी असते. दारात एक पूर्ण फरशी आणि वर चार बोटं दिसली तर आमची २५ इंची खुर्ची जाते. फक्त फरशीच दिसली तर नाही. पाचगणीत एका बाई घरातल्या दोन खोल्या भाड्यानं देतात, त्यांनी न सांगता दारावर टेप धरून फोटो पाठवला. २९ इंच. पुढचं काही न विचारता मी पैसे पाठवले.

यूडीआयडी कार्डाबद्दल, म्हणजे अपंगत्वाच्या सरकारी ओळखपत्राबद्दल, मला खूप जण विचारतात, म्हणून इथंच सांगते. ‘स्वावलंबन’ पोर्टलवर अर्ज केला १९ जून २०२३ ला. आधार, फोटो, डिस्चार्ज कार्ड, एमआरआयचा रिपोर्ट. सरकारी रुग्णालयात तपासणी झाली २६ जुलैला. अस्थिव्यंगाच्या तपासणीचा वार ठरलेला असतो. तो आधी विचारून घ्या, नाहीतर हेलपाटा. आमचा एक झाला. प्रमाणपत्र ऑनलाइन दिसलं ऑगस्टअखेर, प्लास्टिकचं कार्ड पोस्टानं आलं नोव्हेंबरात. एसटीत ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असेल तर तिकिटात ७५ टक्के सवलत आहे, पण एसटीची पहिली पायरी तुम्हाला माहीत आहे. टोलचंही लोक सांगतात की कार्ड दाखवा, सोडतात. तसं नाही. अपंग व्यक्तीसाठी मुद्दाम तयार केलेली आणि आरसी बुकात तशी नोंद असलेली गाडी असेल तरच टोलमाफी. आमची साधी गाडी, टोल भरला. तीन दिवसांत कार्ड पर्समधून एकदाही बाहेर निघालं नाही. तरी मूळ कार्ड आणि झेरॉक्स बरोबर ठेवाच, दवाखान्यात जायची वेळ आली तर शोधाशोध नको.

१३ डिसेंबर, शुक्रवार. मी रजा टाकली होती, दुसऱ्या दिवशी दुसरा शनिवार. सकाळी ९ ला विश्रामबागेतून निघालो. सांगली-पेठ रस्त्याबद्दल सांगलीकरांना काही सांगायला नको. बाकीच्यांना एवढंच सांगते की खड्डा आला की ह्यांचे पाय आपोआप उडतात, ताठ होतात आणि सीटवरून पुढे घसरायला होतं. म्हणून गुडघ्यांच्या वर एक रुंद पट्टा, आणि पायाखाली घट्ट उशी. आष्टा, इस्लामपूर, पेठ नाका, मग हायवे. हायवेचं सहापदरीकरण चालू, कराडच्या आसपास वळवलेले रस्ते. घरातून नकाशावर दोन तास दिसणारं अंतर आम्हाला साडेतीन तास पुरलं.

कारण थांबणंही आहे. दर चार तासांनी कॅथेटर घालून लघवी काढावी लागते. निघायच्या आदल्या रात्री हे म्हणाले होते, “मी पाणीच कमी पितो.” हे करू नका. पाणी कमी केलं की इन्फेक्शन, आणि इन्फेक्शन म्हणजे थंडी वाजून ताप. आम्ही वेळच ठरवून घेतली. हायवेवर एका पेट्रोल पंपावर व्हीलचेअरचं चित्र असलेलं दार दिसलं. मला इतका आनंद झाला की मी इंडिकेटर द्यायची विसरले. दाराला कुलूप होतं. किल्ली मॅनेजरकडे, मॅनेजर जेवायला. किल्ली आली, दार उघडलं, आत रिकामे ऑइलचे डबे, वायपर आणि झेंडावंदनाचा खांब. पंपावरच्या पोरानं कपाळाला हात लावला, म्हणाला, “ताई, आजपर्यंत कुणी मागितलंच नाही ओ.” पाच मिनिटांत त्यानं सगळं बाहेर काढलं आणि जमीनही धुतली. खोली मात्र अगदी नियमाप्रमाणे बांधलेली होती. आडवे दांडे, रुंद दार, आत खुर्ची पूर्ण फिरायला जागा. हे आत गेले आणि बराच वेळ बाहेर येईनात. मी घाबरून हाक मारली तर आतून उत्तर, “अगं, दांड्याची उंची बघतोय.”

साताऱ्यात मुक्काम. लॉजवाल्यानं फोनवर “रॅम्प आहे” सांगितलं होतं. होता. मधोमध पायऱ्या आणि दोन्ही बाजूंना मोटारसायकल चढवायच्या फूटभर रुंदीच्या घसरगुंड्या. आम्ही बघत उभे राहिलो तोवर आतून तीन पोरं बाह्या सरसावून आली. “काका, घाबरू नका, उचलतो!”

“नाही,” हे म्हणाले. “सिलेंडर कुठनं आत नेता?”

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. सिलेंडर मागच्या बोळातून जायचे, ढकलत ढकलत, कारण तिथं पायरीच नव्हती. तर आम्ही त्याच वाटेनं गेलो. कांदे चिरणाऱ्या बाईंच्या पाठीमागून, पीठ मळायच्या मशीनला वळसा घालून, थेट लिफ्टसमोर. हॉटेल, मंगल कार्यालय, दवाखाना, कुठंही अडलं तर विचारा की इथं जड सामान कुठून येतं. माणसांसाठी पायऱ्या बांधणारे सामानासाठी सपाट वाट ठेवतातच.

खोलीत बाथरूमचं दार अडलं. फोटोत चार बोटं जागा दिसत होती, पण दार उघडल्यावर पल्ल्याची जाडी चौकटीत राहते, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. उरले २४ इंच. रात्रीचे साडेआठ, लेक पेंगलेली. ह्यांनी टेप लावला, पल्ला बघितला, बिजागऱ्या बघितल्या. “चार स्क्रू एका बिजागरीला, तीन बिजागऱ्या. मॅनेजरला बोलव.” मॅनेजर तरुण होता, आधी बिचकला. मग ह्यांनी पिशवीतून स्वतःचा स्क्रू ड्रायव्हर काढलेला बघून स्वतःच पल्ला धरायला बसला. पंधरा मिनिटांत फायबरचं दार भिंतीला टेकवून उभं. दाराच्या जागी आईंची नऊवारी, दोन खिळ्यांवर. उरले साडेपंचवीस इंच. खुर्ची गेली, बोटांची सालटी गेली, पण गेली. स्क्रू ह्यांनी पाण्याच्या ग्लासात मोजून ठेवले. सकाळी दार बसवून निघालो, तेव्हा मॅनेजर म्हणाला की हे दार वर्षभर घासत होतं, आता घासत नाही.

शनिवारी दहाला सातारा सोडलं. आनेवाडी, पाचवड, आणि सव्वाअकराला वाई. ढोल्या गणपतीच्या देवळाची मागची भिंत पुराचं पाणी कापायला माशाच्या आकाराची बांधलीय. ती ह्यांनी लेकीला गाडीतूनच दाखवली आणि सांगलीकर असल्यानं २०१९ च्या महापुराचा विषय निघालाच. मला त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. माझ्या डोक्यात आत्यांच्या वाड्याच्या पायऱ्या होत्या. पाच, दगडी, प्रत्येक आठ-नऊ इंचांची. वर उंबरा. आमचा सहा फुटी रॅम्प तिथं शिडीसारखा लागला असता.

अंगणात खुर्ची उतरवली. आत्या वर ओसरीवर पाटावर बसल्या होत्या, हातात काठी. दोघं एकमेकांकडे बघत राहिले, बोललं कुणीच नाही. शेजारचे दोघं-तिघं जमले होते, ठरल्याप्रमाणे कुणीतरी म्हणालं, “घ्या रे, उचला.” ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मला कळलं, हे हो म्हणणार. अट मोडणार. शर्ट खाली ओढून कमरेत नीट खोचायलाही लागले होते.

तेवढ्यात आत्या म्हणाल्या, “थांब रे. तू वर येऊ नकोस.” काठी बाजूला ठेवली. पाटावरून पुढे सरकल्या आणि पहिल्या पायरीवर बसल्या. मग दोन्ही हात मागे टेकून दुसरीवर. आई ओरडल्या, “वन्सं, पडाल!” त्या म्हणाल्या, “अगं, सहा महिने अशीच उतरते मी, तुळशीला पाणी घालायला. कुणी बघत नाही म्हणून बरं.” पाच पायऱ्या, पाचेक मिनिटं. शेवटच्या पायरीवर येऊन बसल्या तेव्हा त्यांचं डोकं आणि ह्यांचं डोकं बरोबर एका पातळीवर आलं. त्यांनी ह्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला, मग लक्षात आल्यासारखा उचलून खांद्यावर ठेवला.

जेवण अंगणातच झालं. वांग्याची भाजी, भाकरी, आणि दह्याला लावलेली मिरची. मी फोटो एकही काढला नाही, आता हळहळ वाटते.

तीनला निघालो. पसरणी घाट मी दुसऱ्या गिअरमध्ये चढवला, मागे लागलेल्या सगळ्यांना पुढे जाऊ दिलं. अर्ध्या घाटात लेक म्हणाली, “बाबा, वेफर्सचं पाकीट बघा कसं फुगलंय!” हे हसले, मग एकदम गप्प झाले आणि हात मांडीखाली घातला. “गाडी घे बाजूला.” हे हवेच्या उशीवर बसतात, जखम होऊ नये म्हणून. सांगली समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, महाबळेश्वर साडेतेराशेच्या आसपास. वर हवेचा दाब कमी, तर पाकीट फुगतं तशी उशीही फुगून दगडासारखी झाली होती. खाली संवेदना नसल्यानं त्यांना ते कळलंच नसतं. रस्त्याकडेला थांबून व्हॉल्व उघडून थोडी हवा सोडली. हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. घाट चढणार असाल तर वर पोचल्यावर हवा सोडायची, आणि खाली उतरल्यावर पंपानं परत भरायची. वेफर्सचं पाकीट बरोबर ठेवायला हरकत नाही.

पाचगणीच्या बाईंकडे एकच पायरी, पाच इंचांची. रॅम्प टाकला, हे स्वतः चाकं मारत वर गेले. मागे वळून आमच्याकडे बघितलं नाही, सरळ खोलीत. थंडी कडक होती. बाईंनी मायेनं गरम पाण्याची पिशवी आणून दिली. ती आईंच्या पायाशी गेली. ज्या पायाला चटका कळत नाही त्याला गरम पिशवी कधीच लावायची नाही. फोड आलेला सकाळी दिसतो. जाड मोजे आणि दोन रग, बस्स.

संध्याकाळी टेबल लँड. नावाप्रमाणे सपाट, म्हणून आम्ही निवांत होतो. लांबून सपाट, जवळून जांभ्याची खडबड. पुढची छोटी चाकं प्रत्येक खळग्यात अडकायची. युक्ती अशी की खुर्ची उलटी फिरवायची आणि मागची मोठी चाकं पुढे करून ओढत न्यायची. जाताना ह्यांचं तोंड आमच्याकडे, पाठ दरीकडे. कडेच्या बऱ्याच अलीकडे थांबून वळवलं तेव्हा सूर्य टेकलेला होता. त्यांच्यासाठी ते दृश्य एकदम आलं. अर्धा तास बसलो. घोडेवाल्यानं विचारलं, साहेबांना घोड्यावर बसवू का, उचलून? सगळेच हसलो, त्याला कारण कळलं नाही.

रविवारी महाबळेश्वरचा सूर्योदय आम्ही सोडला. कॅथेटर, पोट साफ होणं, आंघोळ, कपडे असं ह्यांचं सकाळचं सगळं आवरायला दीड तास लागतो. सूर्योदयासाठी साडेतीनला उठण्यात काय मजा? साडेआठला विल्सन पॉइंटला पोचलो आणि तेच बरं झालं. पहाटेची गर्दी उतरून गेली होती, गाडी अगदी जवळ लावता आली. महाबळेश्वरातली ही सगळ्यात उंच जागा, १,४४० मीटरच्या आसपास. तिथल्या बुरुजांना पायऱ्या आहेत. लेक तिन्हींवर धावत जाऊन आली आणि प्रत्येक वेळी खाली येऊन बाबांना सांगितलं की वरून काय जास्त दिसतं. “काहीच नाही,” असं तिचं तिन्ही वेळचं म्हणणं. खरं का खोटं, विचारलं नाही. मंदिरं आणि बाकी पॉइंट केले नाहीत. स्ट्रॉबेरी घेतली दोन किलो, सातारा ओलांडताना कंदी पेढे.

परतीत मात्र माझं चुकलं. भुकेच्या वेळी हायवेवर जे हॉटेल समोर आलं तिथं थांबले, तर तीन पायऱ्या. पुढे बघू म्हणण्याइतका दम कुणातच नव्हता. वेटर धावले. ह्यांनी हात वर करून त्यांना थांबवलं आणि धडा दिला. खुर्ची उलटी करा. एकानं मागे मुठी धरायच्या, दुसऱ्यानं समोरून खालची चौकट. हाताचे दांडे धरायचे नाहीत, पायाची पट्टी तर नाहीच, ती निघून हातात येते. खुर्ची मागे कलती करा आणि मोठं चाक पायरीला टेकवून एकेक पायरी वर ओढा. माझा इशारा झाल्याशिवाय हलायचं नाही. “एक, दोन, हां!” तीनदा हां झालं आणि हे वर. वर गेल्यावर मी म्हटलं, अहो, अट? तर म्हणाले, “चाक जमिनीवर होतं. ह्याला उचलणं म्हणत नाहीत.”

संध्याकाळी सातला घरी. शेवटच्या दिवशी बसणं जास्त झालं. एरवी दर अर्ध्या तासाला हातांवर जोर देऊन बूड उचलायचं असतं, परतीत सगळे डुलक्या काढत होते आणि मीही आठवण केली नाही. रात्री आरशानं बघितलं तर माकडहाडाशी रुपयाएवढा लाल डाग, अर्ध्या तासानंतरही न गेलेला. दोन दिवस पालथं झोपून काढावे लागले, तेव्हा गेला. तुम्ही परतीचा दिवस छोटा ठेवा. जमलं तर साताऱ्याला आणखी एक मुक्काम करा.

खर्च : लॉज २,२००, पाचगणीची खोली ३,५००, पेट्रोल २,९००, खाणंपिणं २,४००, कॅथेटर, जेली वगैरे ६००. म्हणजे ११,६००, टोल वेगळा. रॅम्प आणि फळी यात धरलेली नाही, कारण ती रोज वापरात आहेत.

हे लिहितेय तेव्हा २०२५ चा मार्च लागलाय. आत्यांचा रविवारचा फोन चालू आहे. तुळशीचं वृंदावन ओसरीजवळ हलवून घेतलं म्हणाल्या. रॅम्प घडी घालून तीन फुटांचा झालाय, आमच्या गॅलरीत आडवा आहे. आईंनी त्यावर जुनं धोतर अंथरून सांडगे घातलेत. उन्हाकडे तोंड हवं म्हणून ह्यांनी त्याच्या एका टोकाखाली वीट सरकवून दिलीय, तीन इंची. सकाळी टेप घेऊन मोजतही होते.